दुसऱ्या शाखेची फाइल

गेल्या गणपतींत आमच्या खांबच्या घरीं एका क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीवरून चांगलाच वाद माजला. नागोठण्याहून कोलाडकडे जातांना मुंबई-गोवा रस्त्यावर आमचें हें गांव लागतें. वाचकांपैकीं पुष्कळांनीं तें धांवत्या मोटारींतून पाहिलें असेल, उतरून पाहिलें असण्याचा संभव थोडा. सणासाठीं पुण्या-मुंबईहून मुलें, सुना, नातवंडें आलेलीं. दोन्ही वेळां वीस-बावीस पानें उठत होतीं. वादाचा विषय होता आमचा कुलवृत्तान्त.

हा कुलवृत्तान्त म्हणजे आमच्या दादांचें, थोरल्या बंधूंचें, काम. पोस्टाच्या नोकरींतून मोकळे झाल्यावर बारा वर्षें त्यांनीं दुसरें कांहीं हातीं धरलें नाहीं. पोथ्यांच्या मागल्या पानांवर लिहून ठेवलेल्या जन्मवेळा, श्राद्धाच्या याद्या, दूरच्या नातलगांचीं पत्रें, एखाद्या म्हातारीच्या तोंडून ऐकलेलीं नांवें, असें जेथून मिळेल तेथून जमवून त्यांनीं सात शाखांच्या सात वंशावळी कॉम्प्युटरवर उतरविल्या. एका शाखेची एक फाइल. फायलींचीं नांवेंहि त्यांनीं हट्टानें मराठींतच दिलीं: 'पहिल्या शाखेची वंशावळ', 'दुसऱ्या शाखेची वंशावळ', याप्रमाणें सातव्यापर्यंत. छपाई मात्र त्यांच्या हयातींत झाली नाहीं. तीन वर्षांपूर्वीं ते गेले.

दादांचा मुलगा पुण्यास कॉम्प्युटरच्या धंद्यांत आहे. सणाच्या दोन दिवसांत सातहि फायली एकत्र जोडून छापखान्यास देण्याजोगी एक प्रत करून देण्याचें त्यानें कबूल केलें, आणि त्यासाठीं घरच्याच कॉम्प्युटरवर सी भाषेंत पांच-पंचवीस ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो चालविला तेव्हां पहिली, चौथी, पांचवी, सहावी आणि सातवी या फायली उघडल्या. दुसरी व तिसरी यांबद्दल मात्र उत्तर आलें, 'अशी फाइल नाहीं.'

मौज अशी, कीं दोन्ही फायली पडद्यावर सर्वांना दिसत होत्या. नांवांत काना-मात्रेचा फरक नव्हता. पुतण्यानें प्रोग्रॅम तीनदां तपासला. "काका, फाइल समोर दिसते आहे आणि हा म्हणतो, नाहींच!" तो वैतागून म्हणाला. वहिनी पडवींतून म्हणाल्या, "दुसऱ्या शाखेच्या लोकांना चार चार आमंत्रणें धाडलीं तरी ते कधीं आले नाहींत, त्यांची फाइल तरी एका हांकेसरशी कशी येईल?" तिसऱ्या शाखेच्या निरपराधी माणसांचें काय, हें कोणी विचारलें नाहीं. कोणी यंत्राला दोष दिला, कोणी पेन-ड्राइव्हला. घरचे एक जांवई म्हणाले, मुळांत मराठी नांवें दिलीं हीच चूक. इंग्रजी दिलीं असतीं तर हा घोळ झालाच नसता. हें शेवटचें मत मला फार लागलें.

मी या घरांतला मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें (परीक्षेचें नांव बदललें तरी आमच्या घरानें तें बदललें नाहीं), पुढें एका शास्त्रीबोवांपाशीं संस्कृत, आणि मग सारा जन्म खडू-फळ्याशीं गेला. निवृत्तीनंतर पुतण्याच्या नादानें सी भाषेचीं अक्षरें गिरविलीं, कारण तिचें व्याकरण थोडक्यांत आटोपतें असें ऐकलें होतें. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतल्या बेल लॅबोरेटरींत ही भाषा रचली, आणि ब्रायन कर्निगन यांच्यासह त्यांनीं १९७८ सालीं तिच्यावर जें पुस्तक प्रसिद्ध केलें तें खरोखरच आटोपशीर आहे. त्या विद्येंत मी अजून बिगरींतच आहें. पण शुद्धलेखन तपासण्याची खोड जन्माची! ज्या दोन फायली उघडेनात, त्या दोहोंच्या नांवांत एक जोडाक्षर असें होतें कीं जें उरलेल्या पांचांत नव्हतें. तें म्हणजे 'ऱ्या'.

मराठी शिकविणाऱ्या कोणत्याहि मास्तरास या जोडाक्षरानें छळलेलें असतें. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना नमस्कार करावा, आणि आचाऱ्यांना मीठ बेतानें घालण्यास सांगावें. हा पापणीसारखा आडवा अर्धा र संस्कृतांत नाहीं. मराठीस मात्र त्यावांचून चालत नाहीं. मीं पुतण्याला म्हटलें, "तुझा 'दुसऱ्या' आणि दादांचा 'दुसऱ्या' एकच आहे कशावरून?" तो हंसला, आणि मग हंसतां हंसतां थांबला.

कॉम्प्युटर अक्षर ठेवीत नाहीं, आंकडा ठेवतो. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतांतला देवनागरीचा विभाग आपल्याकडच्या 'इस्की' या संकेताच्या १९८८ सालच्या रूपावर बेतलेला आहे. त्यांत 'र' आहे, आणि खालीं टिंब असलेला 'ऱ'हि आहे. हा दुसरा ऱ मुळांत द्राविडी भाषांतला एक निराळा र देवनागरींत लिहितां यावा यासाठीं ठेवलेला. पण त्यास हलन्त जोडला कीं मराठीचा पापणी-र उमटावा अशी सोय करण्यांत आली. पाहुण्यासाठीं मांडलेल्या पाटावर घरचाच मुलगा जेवून उठला म्हणावयाचा. ही झाली एक वाट. दुसरी वाट म्हणजे साधा र, त्यास हलन्त, आणि त्यापुढें डोळ्यांना न दिसणारें एक जोडचिन्ह. जुन्या मराठी टंकलेखनांत हीहि वाट पुष्कळ आढळते, आणि जुन्याची कदर म्हणून युनिकोडनें ती चालूं ठेविली आहे. शिवाय साधा र आणि सुटा नुक्ता अशी तिसरीहि एक वाट आहेच.

दादांचा कळफलक दुसऱ्या वाटेनें जाणारा, पुतण्याचा पहिल्या वाटेनें. पुतण्यानें माझ्यासमोर मोजून दाखविलें. हल्लीं प्रचारांत असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतींत (ती केन थॉम्प्सन व रॉब पाइक या दोघांनीं १९९२ सालीं बसविली) इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात. पुतण्याच्या 'दुसऱ्या' मध्यें सात चिन्हें, म्हणजे एकवीस बाइट. दादांच्या 'दुसऱ्या' मध्यें आठ चिन्हें, म्हणजे चोवीस. कागदावर छापले तर दोन्ही शब्द एकरूप. यंत्रास मात्र ते गंगा आणि गोदा यांइतके भिन्न.

येथें फाइल उघडणाऱ्या फंक्शनाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. सी भाषेंत त्यास 'एफ-ओपन' म्हणतात. तें 'लायब्ररी'त असतें. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे, वारंवार लागणारीं कामें करून देणाऱ्या तयार फंक्शनांची कोठी. एफ-ओपनला दोन गोष्टी सांगावयाच्या: फाइलचें नांव, आणि ती कशासाठीं उघडावयाची तो हेतु. काम झालें तर तें फाइलची जणूं किल्ली हातीं देतें, न झालें तर रिकामा हात दाखवितें. इतकें सोपें फंक्शन कीं त्याचें वर्णन चार ओळींत लिहून होतें. आणि त्या चार ओळींतला 'नांव' हाच शब्द माणसाला खड्ड्यांत घालतो. आपण नांव म्हणतों तेव्हां उच्चार आणि अर्थ मनांत आणतों. लिनक्सवर एफ-ओपन नांव वाचीतच नाहीं. दिलेली बाइटांची माळ जशीच्या तशी आंत पोंचवितें, आणि तेथें ती बाइटास बाइट लावून ताडली जाते. विंडोजवर तेंच फंक्शन नांवाचा अर्थ त्या यंत्राच्या जुन्या संकेत-कोष्टकाप्रमाणें लावीत आलें आहे, आणि त्या कोष्टकांत देवनागरीस जागाच नव्हती. मराठी नांवाची फाइल उघडण्यास तेथें रुंद अक्षरांचें निराळेंच फंक्शन वापरावें लागे. विंडोज १० च्या २०१९ सालच्या आवृत्तीपासून प्रोग्रॅमास यूटीएफ-८ मागून घेतां येतें. पण मागावें लागतें, आपोआप मिळत नाहीं. अॅपलच्या १९९८ सालच्या फाइल-रचनेंत तर आणखी गंमत. नांव ठेवून घेतांनाच ती त्याचे घटक सुटे करी. आपण एकसंध ऱ दिला तरी आंत र आणि नुक्ता शेजारी शेजारी निजलेले. लांबीचेंहि असेंच. लिनक्सच्या नेहमींच्या फाइल-रचनेंत नांवास २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजास त्यांत २५५ अक्षरें मिळतात, आपणांस काना-मात्रा धरून ८५ चिन्हें.

जांवयांचें म्हणणें व्यवहारास धरून होतें हें मी नाकारीत नाहीं. पण मराठी नांव देणें ही दादांची चूक नव्हे. एकाच शब्दाचीं तीन रूपें कायदेशीर ठेवून तीं ताडतांना परकीं मानावयाचीं, आणि वर्णनांत त्याचा उच्चारहि करावयाचा नाहीं, ही चूक असलीच तर लिहिणाऱ्यांची.

उपाय निघाला तो मोठा नव्हता. नांव आपण टाइप करावयाचें नाहीं. डिरेक्टरीला विचारावें, ती जें नांव सांगेल तेंच तिला परत द्यावें. पुतण्यानें दहा ओळी बदलल्या. दुसरी आणि तिसरी या दोन्ही शाखा मुकाट्यानें आल्या. वहिनींनीं त्याच्या हातावर साखर ठेवली. तो जोडलेली प्रत चाळूं लागला, आणि चौथ्या शाखेच्या शेवटच्या पानानंतर एकदम सहावी आली.

"काका, पांचवी तर पहिल्यांदांच उघडली होती ना?"

उघडली होती. ती रिकामी होती. आणि हें त्या घरांत एकट्या मला ठाऊक होतें.

पांचवी शाखा म्हणजे आमची स्वतःची. आषाढांतल्या एका दुपारीं, बाहेर पावसाची झड लागलेली असतां, धाकट्या नातीच्या जन्माची नोंद त्या वंशावळींत घालावी, आणि तीहि आपण स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमनें, असा मोह मला झाला. एफ-ओपनला हेतु एका अक्षरानें सांगावयाचा असतो. वाचण्यासाठीं 'आर', लिहिण्यासाठीं 'डब्ल्यू', शेवटीं जोडण्यासाठीं 'ए'. त्यापुढें अधिक-चिन्ह दिलें कीं वाचणें आणि लिहिणें हीं दोन्ही होतात. मला लिहावयाचें होतें व वाचावयाचेंहि होतें. म्हणून मीं 'डब्ल्यू अधिक' दिलें. व्याकरणाच्या दृष्टीनें या विचारांत दोष नाहीं. परंतु 'डब्ल्यू' हें अक्षर फाइल उघडतांनाच तिची लांबी शून्य करून टाकतें. अधिक-चिन्हानें वाचण्याची मुभा मिळते खरी, पण वाचावयास कांहीं उरलेलें नसतें. असलेल्या मजकुरास धक्का लागूं द्यावयाचा नसेल तर 'आर अधिक' पाहिजे होतें. हें कर्निगन-रिचींच्या पुस्तकांत आहे, लिनक्सच्या मॅन्युअलांत आहे. मीं कोष्टकांतला पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला नाहीं. विद्यार्थ्यांना प्रश्न पूर्ण वाचा म्हणून जन्मभर बजावणाऱ्या मास्तराची ही गोष्ट आहे.

फंक्शनानें मला टोकलें नाहीं. त्याच्या दृष्टीनें काम यशस्वी झालें होतें. किल्ली हातांत आली होती. ज्या दोन फायलींनीं 'नाहीं' म्हणून घर डोक्यावर घेतलें त्या धडधाकट होत्या, आणि जी पहिल्या हांकेस उघडली तिच्यांतून दादांचें शेवटचें वर्ष नाहींसें झालें होतें. कपाटांत कागदावर छापलेली एक जुनी प्रत होती, पण ती त्यांच्या मृत्यूच्या वर्षभर आधींची. त्यानंतर दुखण्यांत उशीला टेकून बसून त्यांनीं ज्या नोंदी घातल्या त्या दुसऱ्या कोठेंच नव्हत्या. दादांचें यंत्र त्यापूर्वींच मोडींत गेलें होतें. दोन महिने मीं ही गोष्ट पोटांत ठेवली. आतां ती सगळें घर बसलेलें असतां सांगावी लागली. कोणी बोललें नाहीं. वहिनी उठून माजघरांत गेल्या.

त्या रात्रीं मीं तें मॅन्युअल पुन्हां उघडलें, आणि या खेपेस शेवटच्या ओळीपर्यंत वाचलें.

फंक्शनांचीं वर्णनें लिहिणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, असें माझें त्या रात्रीपासूनचें मत आहे. युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक गोष्टीचें वर्णन त्यांत एका ठराविक सांच्यांत केलेलें: नांव, वापरण्याची रीत, वर्णन, आणि तळाशीं 'दोष' असा वेगळा मथळा. आपल्या मालांतलें वैगुण्य स्वतःच मथळा देऊन छापणारे कारागीर मला तरी दुसऱ्या कोणत्या धंद्यांत आढळले नाहींत. लिनक्सच्या मॅन्युअलानें ही चाल पुढें ठेविली आहे, आणि कोणत्या मानकांत काय आहे व कोणत्या यंत्रावर काय निराळें घडतें याचींहि टिपणें जोडलीं आहेत.

संस्कृत शिकलेल्या मनुष्यास येथें कात्यायन आठवल्यावांचून राहत नाहीं. पाणिनीनें सुमारें चार हजार सूत्रांत व्याकरण बांधलें. एक अक्षर वांचलें तरी धन्यता मानावी अशी ती शिस्त. पण सूत्र जितकें आखूड तितकें त्याच्या कडेला राहून गेलेलें अधिक. कात्यायनानें वार्तिकें लिहून सूत्रांत काय म्हटलें आहे, काय म्हणावयाचें राहिलें, आणि काय नीट म्हटलें गेलें नाहीं, हें दाखविलें. त्यानें पाणिनीचा अपमान केला असें कोणी मानीत नाहीं. एफ-ओपनचें सूत्र दोन ओळींचें आहे, आणि त्याचीं वार्तिकें पन्नास वर्षें लिहिलीं जात आहेत.

अशीं वार्तिकें एका जागीं गोळा केलेलीं मला ग्नूलिब या प्रकल्पाच्या मॅन्युअलांत भेटलीं. त्यांत एकेका फंक्शनाखालीं दोन याद्या असतात. पहिली अशी, कीं अमुक यंत्रांवर हें फंक्शन असें चुकतें आणि तें आम्हीं दुरुस्त करून दिलें आहे. दुसरी अशी, कीं अमुक यंत्रांवर असें चुकतें आणि तें आम्हीं दुरुस्त केलेलें नाहीं. एफ-ओपनच्या पानावर काय काय आहे! नांवाच्या शेवटीं तिरपी रेघ दिली तर ती डिरेक्टरी आहे असें मानून साध्या फाइलला नकार द्यावयास हवा. कांहीं जुन्या युनिक्स-यंत्रांवर नकार येत नाहीं. जेथें फाइलची लांबी ३२ बिटांच्या आंकड्यांत मोजली जाते तेथें २ गिगाबाइटच्या पलीकडच्या फायलींचा भरंवसा धरतां येत नाहीं. ही दुसरी यादी मला विशेष आवडली. जमलें नाहीं तें गांव-नांवासकट लिहून ठेवणारा मनुष्य पुढच्या प्रवाशाचे पाय वांचवितो.

एकाच फंक्शनाचें वागणें यंत्रागणिक बदलावें कां, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. आमच्या तालुक्याचें ठिकाण जें रोहें, तेथें मध्य रेल्वे संपते आणि कोंकण रेल्वे सुरू होते. रुळांमधलें अंतर दोहींकडे एकच, १,६७६ मिलिमीटर; म्हणून गाडी सरळ पुढें जाते, आणि झोपलेल्या उतारूस हद्द बदलल्याचा पत्ताहि लागत नाहीं. पण कोंकण रेल्वेला पावसाळ्याचें वेगळें वेळापत्रक आहे. दरडींच्या भयानें गाड्या सावकाश चालवितात. नेहमींचें वेळापत्रक हातांत धरून जुलैंत कोलाडच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या मनुष्याची जी अवस्था, तीच एका लायब्ररीवर शिकून दुसरीवर प्रोग्रॅम चालविणाऱ्याची. सी भाषेचें मानक अमेरिकेंत १९८९ सालीं व पुढच्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय झालें. त्यानें रुळांचें अंतर ठरवून दिलें. वेळापत्रकें ज्याचीं त्याचीं राहिलीं.

याचें एक उदाहरण पाहून मी थक्क झालों. 'ए अधिक' या हेतूनें फाइल उघडली तर लिहिणें शेवटींच होतें, याबद्दल दुमत नाहीं. पण वाचणें कोठून सुरू व्हावें? याविषयीं पॉझिक्स हें मानक मौन धरून आहे. लिनक्सवरची ग्नू लायब्ररी आरंभापासून वाचते. बीएसडी, अॅपल आणि अँड्रॉइड यांवर वाचन शेवटापासून सुरू होतें, म्हणजे हातीं कांहींच लागत नाहीं. प्रोग्रॅम तोच, फाइल तीच, आणि एका घरीं वंशावळ भरलेली, दुसऱ्या घरीं निर्वंश!

दुसरें उदाहरण 'बी' या अक्षराचें. युनिक्स-कुळांतल्या यंत्रांवर तें दिलें काय, न दिलें काय, सारखेंच. विंडोजवर तें न दिलें तर फाइल मजकुराची आहे असें धरून तिच्यावर संस्कार होतात. लिहितांना ओळीच्या अंतचिन्हापूर्वीं आणखी एक चिन्ह घुसडलें जातें, आणि वाचतांना २६ या आंकड्याचा बाइट भेटला कीं फाइल तेथेंच संपली असें मानलें जातें. ही रूढि १९७० च्या दशकांतल्या सीपी-एम या पद्धतीची. तींत फाइलची लांबी १२८ बाइटांच्या ठोकळ्यांनीं मोजीत, तेव्हां शेवटच्या ठोकळ्यांत मजकूर नेमका कोठें संपला हें सांगण्यास कांहीं खूण हवी होती. ठोकळे केव्हांच गेले, खूण राहिली. यूटीएफ-८ मधल्या देवनागरी चिन्हांत हा बाइट येतच नाहीं, म्हणून वंशावळीस भय नाहीं. पण आमच्या पणजोबांचें जें एकुलतें एक छायाचित्र दादांनीं त्याच पेटींत ठेवलें आहे तें कोणी 'बी' न देतां उघडलें तर पणजोबा पागोट्यापाशींच संपावयाचे. सोंवळ्याचे कांहीं नियम असेच कारण विसरून टिकले आहेत, पण तो विषय निराळा.

माझ्या चुकीवरहि उतारा आहे, हें त्याच रात्रीं कळलें. २०११ सालच्या सी मानकानें 'एक्स' हें अक्षर दिलें आहे. 'डब्ल्यू' बरोबर तें लिहिलें तर त्या नांवाची फाइल आधींच असल्यास एफ-ओपन नकार देतें, पुसत नाहीं. परंतु सगळ्या लायब्रऱ्यांस हें अक्षर ठाऊक नाहीं, आणि अनोळखी अक्षर दिसलें तर काय करावें याची रीत सर्वांची एक नाहीं. मायक्रोसॉफ्टची लायब्ररी हरकत घेते. ग्नू लायब्ररीस 'एक्स' ठाऊक आहे, पण जें अक्षर ठाऊक नसेल तें ती सोडून देते व पुढें चालूं लागते. समजलें नाहीं तर विचारावें, ही सवय मुलांना लावतांना माझे केस पांढरे झाले. यंत्रास कोणी लावावी?

माझी एक तक्रार मात्र आहे. मॅन्युअलांतल्या हेतूंच्या कोष्टकांत 'डब्ल्यू' ची ओळ 'आर' च्या ओळीसारख्याच अक्षरांत, तिच्याच पंक्तीस बसलेली असते. शब्द अचूक आहेत, कायद्यानें बोट ठेवतां यावयाचें नाहीं. पण ज्या एका अक्षरानें बारा वर्षांचें लिहिलेलें जाऊं शकतें तें इतर पांच अक्षरांच्या रांगेंत गुपचूप उभें असावें हें मला पटत नाहीं. औषधाच्या पेटींत टिंक्चर आयोडीनची बाटली आई मुलांच्या काढ्याशेजारीं ठेवीत नसे.

दादांच्या फायलींच्या डिरेक्टरींत मीं आतां एक टिपण ठेवलें आहे. पहिली ओळ अशी, कीं येथें कांहींहि करण्यापूर्वीं सर्व फायलींची नक्कल दुसरीकडे करावी. पुढें, दादांचा कळफलक कोणता होता. 'दुसऱ्या' आणि 'तिसऱ्या' यांत न दिसणारें जोडचिन्ह आहे. पहिल्या दोन फायली त्यांनीं आरंभीं जुन्या फाँटांत लिहून मग युनिकोडांत आणल्या, तेव्हां त्यांत 'ष' आणि 'श' यांची कोठें कोठें अदलाबदल झाली आहे. आणि आषाढांत पांचवी फाइल कोणी, कशी रिकामी केली. पुतण्या म्हणाला, हें शेवटचें लिहिण्याची जरूर नाहीं. मीं तें ठेवलें. टिपणाचें नांव इंग्रजी अंकांत दिलें आहे. जांवयांना तेवढें समाधान.

तिसऱ्या दिवशीं, गौरी जाऊन घर थोडें निवांत झाल्यावर, वहिनी चष्मा लावून ओटीवर येऊन बसल्या. "भावोजी, लिहा," म्हणाल्या. त्या शेवटच्या वर्षांत दादांना लहान अक्षर दिसत नसे. आलेलीं पत्रें त्याच मोठ्यानें वाचून दाखवीत, आणि दादा एकेक बोटानें टाइप करीत. मीं पांचवी फाइल छापील प्रतीवरून पुन्हां भरून ठेवली होती. ती 'ए' नें उघडली, आणि वहिनी सांगूं लागल्या. इंग्रजी तारखा त्यांना आठवत नाहींत. तिथि बिनचूक सांगतात. अमक्याचा मुलगा आश्विन वद्य द्वितीयेचा, तमकीचें लग्न माघांत, त्या दिवशीं थंडी फार होती. पंचांगें काढून मी तारखा लावीत गेलों. दोन दिवसांत एकोणीस नोंदी झाल्या.

एक राहिली आहे. पेणच्या घरच्या धाकट्या मुलीचें पाळण्यांतलें नांव वहिनींना कांहीं केल्या आठवत नाहीं. पत्रांत होतें, त्यांनीं वाचलें होतें, दादांनीं तें दोनदां विचारून घेतलें होतें, इतकें मात्र आठवतें. पेणला पत्र टाकलें आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं.